बाळ पेटीत, आई वॉर्डात आणि बाप बाहेर बाकावर

या सदरात नवजात बाळांच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्या सिस्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्र पाठवणाऱ्यांची नावं आम्ही छापत नाही.

प्रश्न: सिस्टर नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. पहिलं बाळंतपण म्हणून बायको माहेरी कवठेमहांकाळला होती, दिवस भरायला अजून जवळपास दोन महिने होते. पायाला सूज होती पण सगळे म्हणायचे पोटुशीला सूज येतेच, त्यात काय. त्या रात्री सासऱ्यांचा फोन आला की डोकं लई दुखतंय म्हणतेय, डोळ्यापुढं चमकतंय म्हणतेय, मी तशीच गाडी काढली. तोवर तिथल्या डॉक्टरांनी बीपी बघून हात वर केले, एक इंजेक्शन दिलं आणि १०८ बोलावून मिरजेला धाडलं, मी पण मग थेट मिरजच गाठली. ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं तेव्हा तिला झटके येत होते. त्यानंतरचं मला नीट सलग आठवत नाही, एका कागदावर सही केली मग दुसऱ्या मग तिसऱ्या, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे असं लिहिलेलं होतं, डॉक्टरांनी विचारलं कळलं का, मी हो म्हणलं, काय कळलं होतं मला. सासूबाई सारख्या विचारत होत्या की आई वाचवायची का बाळ असं काही विचारलं का त्यांनी.

सिझर झालं. मुलगी, १ किलो ३८० ग्रॅम, ३२ आठवड्यांची. एक सिस्टर हिरव्या कापडात गुंडाळून तिला माझ्यासमोरून घेऊन गेल्या, म्हणाल्या बघा मुलगी आहे, मला फक्त एक कान दिसला. आणि खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. उलट डोक्यात एवढंच आलं की हिच्यापायी ती गेली असती. हे मी कुणालाच बोललो नाही, तुम्हाला पहिल्यांदा लिहितोय.

आता बायकोला आयसीयूतून वॉर्डात आणलंय, बीपी अजून वर-खाली आहे. मुलगी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, आधी सीपॅपवर होती, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवर, आता नुसता थोडा ऑक्सिजन आहे, तोंडातून पोटात नळी आहे. बायकोला घरच्यांनी सांगितलंय की बाळ एकदम मस्त आहे, जरा कावीळ आहे म्हणून लाईटखाली ठेवलंय. ती फोटो मागते, मी सांगतो मोबाइल आत नेऊ देत नाहीत. मग ती काही बोलत नाही, भिंतीकडं तोंड करते.

मला एकदा आत बोलावलं होतं, तिथल्या सिस्टर म्हणाल्या शर्टाची बटणं काढा आणि बाळाला छातीवर घ्या. मी नको म्हणलं. माझी आई म्हणते हे बाईमाणसाचं काम, पुरुषाच्या छातीवर केस असतात, बाळाला इन्फेक्शन होईल. शिवाय ते मशीन सारखं वाजतं, ८८ दिसलं की माझे पाय गळतात, हाक मारली तर सिस्टर येतात आणि मशीनकडं बघतसुद्धा नाहीत आणि ऑक्सिजन पण वाढवत नाहीत. दिवस सगळा मेडिकल, लॅब, काउंटर, डबा ह्यातच जातो, काउंटरवर रोज ॲडव्हान्स मागतात, भाऊ म्हणतोय सिव्हिलला हलवू. बाकी सगळे मला कामं सांगतायत. पण बाप म्हणून मी नक्की काय करायचं हे कुणी सांगंना, ते तुम्ही सांगा.

उत्तर: दादा, आधी अभिनंदन. मुलगी झाली तुम्हाला. पत्रावरून तरी वाटतंय की हे तुम्हाला अजून कुणी म्हणलेलं नाही.

आता पहिलं काम, आणि त्यासाठी माझं उत्तर अर्धवट टाकून उठलात तरी चालेल. बायकोला खरं सांगा. बाळ शेजारी नाही, आजूबाजूचे सगळे गोड बोलतायत आणि फोटो कुणी दाखवत नाही, ह्याचा बाळंतीण एकच अर्थ काढते, की बाळ गेलं आणि माझ्यापासून लपवतायत. रात्रीच्या राउंडला गेल्यावर माझा हात धरून हळूच ‘सिस्टर, बाळ आहे ना हो’ असं विचारणाऱ्या बायका मी लई बघितल्यात. तुमची भिंतीकडं तोंड करते ना, ती बहुतेक तेच समजून बसलीय. बीपी वाढेल म्हणून सांगत नाही हे घरच्यांचं म्हणणं मला कळतं, पण बीपी न सांगितल्यानं पण वाढतं हो. तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला आणि सांगा: वजन एवढं आहे, श्वासाला थोडी मदत लागतेय, नळीनं दूध चालू आहे. आतल्या सिस्टरना विचारून, फ्लॅश बंद करून एक फोटो काढा, नळ्यांसकट दाखवा, नळ्या कापून नको. आणि डॉक्टर हो म्हणाले की व्हीलचेअरवरून तिला वर न्या.

ह्याच्यात आमचा पण स्वार्थ असतो बरं का, दूध. बाळ ओढत नाही तोवर हातानं किंवा पंपानं काढावं लागतं, चोवीस तासांत आठ वेळा तरी, त्यातली एक-दोन वेळा रात्रीची, आणि हे जितकं लवकर सुरू होईल तितकं पुढं दूध टिकतं. बाळ कुठं आहे कसं आहे हे माहीत नसलेल्या बाईला तुम्ही सांगितलंत की रात्री तीनला उठून दूध काढ, ती का काढेल? पहिले काही दिवस येतो तो चीक, दोन मिली तीन मिली, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात एवढ्यानं काय होतंय, टाका. अजिबात टाकायचा नाही. एवढ्याशा बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी एक-दोन मिलीच नळीनं देतात, म्हणजे तो तिचा पूर्ण घास आहे, आणि आतड्याच्या गंभीर आजारापासून सगळ्यात जास्त वाचवतं ते आईचंच दूध. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या चालू असताना बहुतेक वेळा दूध चालतं, तरी एकदा विचारून घ्या. तर हे काम तुमचं: पंप किंवा वाटी धुऊन उकळून आणणं, तिच्या पाठीला उशी लावणं, बाटलीवर नाव आणि वेळ लिहिणं आणि ते दूध वर नेऊन सिस्टरच्या हातात देणं. रक्ताचे रिपोर्ट आणायला भाऊ चालतो, दूध न्यायला तुम्हीच जा. आईचं दूध कमीच पडलं तर जिथं मिल्क बँक आहे तिथं दुसऱ्या आईचं तपासून पाश्चराइझ केलेलं दूध मिळतं, मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून अशी बँक आहे, आशियातली ती पहिली. पण आधी स्वतःच्या आईचं, मग बाकी सगळं.

आता ते ‘हिच्यापायी’. झटके आले ते गरोदरपणातल्या बीपीचे. त्याचं मूळ वारेत असतं, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात, वार गर्भाशयात नीट रुजत नाही आणि पुढं आईच्या अंगभर रक्तवाहिन्या बिघडतात, बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, डोकं दुखतं, डोळ्यापुढं चमकतं. मुलीनं काही केलेलं नाही आणि बायकोनं पण काही वेडंवाकडं खाल्लेलं नाही, हे तुमच्या आईला पण सांगा. उपाय काय, तर बाळ आणि वार बाहेर काढणं. म्हणून आई का बाळ असं कुणी विचारलं नाही, ते सिरियलमध्ये विचारतात. इथं दोघींना वाचवायची वाट एकच होती आणि डॉक्टरांनी ती धरली. आणि कवठेमहांकाळच्या डॉक्टरांनी हात वर केले असं लिहिलंय ते मला पटलं नाही, बीपी बघून इंजेक्शन देऊन वेळ न घालवता पाठवलं त्यांनी, बरं होऊन घरी गेलात की त्यांना भेटून या. अजून एक, धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही, सहा आठवडे तरी बीपी मोजत राहायचं आणि परत डोकं दुखलं, धाप लागली, नजर अंधुक झाली तर तसंच उठून दवाखाना. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत हे सगळं डॉक्टरांना सांगायचं, कारण तिसरा महिना संपला की लहान डोसची ॲस्पिरिन सुरू करतात अशा बायकांना.

तसला विचार मनात आला म्हणून तुम्ही वाईट बाप ठरत नाही. बायको झटके देतेय हे ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याला पाच मिनिटांत एक कान बघून माया कुठनं फुटेल? आई नऊ महिने नाहीतर सात महिने पोटात वागवते, बापाला ओळख हातानं करून घ्यावी लागते. आणि तुम्ही नेमकं तेच टाळताय, म्हणून आता छातीवर घ्यायचं बोलू.

कांगारू पद्धत म्हणतात ती १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटा शहरात सुरू झाली, का तर पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवायची वेळ आली होती. गरजेपोटी सुरू झालेली गोष्ट, पण पेटीपेक्षा चांगली निघाली. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, भारतासह पाच देशांतला, आपल्याकडं दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलात झालेला, १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांचा. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीवर ठेवलं तर बाळमृत्यू चौथ्या हिश्श्यानं कमी झाले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की कमी दिवसांच्या बाळाला दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवा. आठ तास दादा! ओली बाळंतीण, पोटाला टाके, बीपी वर-खाली, ती एकटी कुठनं करणार? बाकीचे तास कुणाचे मग?

केसांचं म्हणाल तर काही होत नाही, आणि कृपा करून दाढीच्या ब्लेडनं काढत बसू नका, कापलं की तिथंच इन्फेक्शन. आंघोळ करून या, सेंट-पावडर नको, तंबाखू-सिगारेट असेल तर त्या दिवशी नको, खरं तर कधीच नको. सर्दी-खोकला असेल तर बाहेर थांबा. घड्याळ, अंगठी, मनगटातला लाल धागा काढायचा, बाह्या कोपराच्या वर, आणि साबणानं नीट चाळीसएक सेकंद हात धुवायचे, मोबाइल खिशातनं काढला की परत धुवायचे. मग खुर्चीत जरा मागं रेलून बसायचं, सिस्टर बाळ उभं ठेवतील, अंगात फक्त टोपी, मोजे आणि लंगोट, मान एका बाजूला वळवलेली आणि नाक मोकळं, पाय बेडकासारखे. वरून तुमचाच शर्ट नाहीतर चादर. एकदा घेतलं की तासभर तरी ठेवा, सारखं आत-बाहेर केलं की बाळ दमतं. तुमच्या अंगाची ऊब तिला पुरते, श्वास-ठोके बहुधा स्थिर होतात, झोप लागते. नळी आणि थोडा ऑक्सिजन असताना पण करतात, तुम्हाला तर तिथल्या सिस्टरनी स्वतःहून बोलावलं होतं, म्हणजे बाळ तयार आहे.

एक ऊसतोडीचा मुकादम आठवतो मला. हाताला भेगा, बोटातली चांदीची अंगठी निघेना म्हणून साबण लावून पिळून पिळून काढली. बाळ छातीवर ठेवलं तर हा माणूस श्वास पण जपून घ्यायला लागला. तासाभरानं घ्यायला गेले तर म्हणाला पायाला मुंग्या आल्यात पण राहू द्या अजून, आत्ताच झोपलीय. दुसऱ्या दिवशी मला तोच सांगत होता की आज हिला डाव्या बाजूला नको, तिकडं कुरकुरते.

छातीवर घेण्याइतका धीर पहिल्या दिवशी नाही झाला तर पेटीच्या खिडकीतनं हात घाला. एक तळवा डोक्याला, एक पायाशी, आणि ठेवून द्या नुसता. फिरवू नका, गोंजारू नका, एवढ्या नाजूक कातडीला ते टोचतं, स्थिर हात आवडतो. आणि बोला तिच्याशी, काहीही बोला, आज द्राक्षाला काय दर आला ते सांगा.

मशीनचं. तिथं ठोके दिसतात, अशा बाळाचे १२० ते १६० च्या आसपास, आणि ऑक्सिजनचा आकडा. ऑक्सिजन लावलेल्या लवकर जन्मलेल्या बाळाचा आकडा मुद्दाम ९० ते ९५ मध्ये ठेवतात, १०० नको असतो, कारण ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि नजर जाऊ शकते. म्हणून ८८ दिसलं की लगेच नॉब फिरवत नाहीत. बऱ्याचदा बाळानं लाथ मारून पायाचा लाल दिव्याचा पट्टा सैल केलेला असतो. सिस्टर मशीनकडं बघत नाहीत कारण त्या बाळाकडं बघतायत, रंग कसा आहे, छाती हलतेय का. कधी कधी अशी बाळं श्वास घ्यायलाच विसरतात, मेंदू अजून कच्चा असतो, पाठीला टिचकी दिली की परत सुरू. त्यासाठी कॅफिनचं औषध देतात, हो, चहा-कॉफीतलंच, घाबरू नका नाव वाचून. तुम्ही पण आकडे बघू नका, रोज डॉक्टरांना एवढंच विचारा की श्वासाची मदत कालच्यापेक्षा कमी का जास्त, दूध किती मिलीवर आलं, वजन किती. वजन पहिल्या आठवड्यात उतरतं, ते बघून हाय खाऊ नका.

पैशाचं स्पष्ट बोलते. पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर आधी कंपनीच्या एचआरला फोन. नसेल तर हे हॉस्पिटल महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का विचारा, असेल तर तिथं आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यालाच भेटा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात आणि नवजात बाळाचे पण त्यात बसतात. हे डिस्चार्जच्या दिवशी नाही, आजच विचारायचं. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून आहे हा, आजारी बाळाचे उपचार, औषधं, रक्त, गाडी सगळं मोफत असतं. हलवायला माझी हरकत नाही, मिरजेच्या-सांगलीच्या सिव्हिलमध्ये लहान लहान बाळं मोठी होऊन गेलीत. पण बाळ स्थिर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच, तिकडं जागा आहे हे फोनवर पक्कं करून आणि सोबत नर्स असलेल्या ॲम्ब्युलन्समधनंच. भावाच्या गाडीत मांडीवर घेऊन नाही. आणि आईला एका दवाखान्यात आणि बाळाला दुसऱ्या असं करू नका, दूध तिथंच तुटतं.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत लागते, ती जिथं जन्म झाला तिथं, म्हणजे तुमची सांगली मिरज कुपवाड महापालिकेत, तासगावला नाही. बहुतेक हॉस्पिटलवालेच माहिती पाठवतात, तुम्ही फक्त आई-बापाच्या नावांची स्पेलिंग तपासा. मुलीचं नाव नंतर घालता येतं. पाचवीचं घरात चाललं असेल तर सांगा की सटवाईला पेटीच्या काचेतनं पण लिहिता येतं, घरी आल्यावर काय करायचं ते करा.

राहिलं तुमचं स्वतःचं. बाळंतपणाच्या काळात दहा बापांमागं साधारण एकाला डिप्रेशन येतं, आणि ज्यांची बाळं आयसीयूत असतात त्यांना जास्त. ॲम्ब्युलन्सचं दार परत परत डोळ्यापुढं येत असेल, झोपायला मिळून पण झोप लागत नसेल, सगळ्यांवर चिडचिड होत असेल, संध्याकाळी प्यावंसं वाटत असेल तर १४४१६ ला फोन लावा, टेलि-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. रात्रीचा बाक एक दिवसाआड भावाला द्या. आणि मेडिकल-लॅब-काउंटरच्या फेऱ्या तर सगळ्याच त्याला द्या, तो करायला बसलाच आहे. तुम्ही वर जा.

प्रश्न: सिस्टरबाई, मी कोरेगावची. लेकीचं बाळंतपण आठव्या महिन्यातच झालं, नातू १ किलो ७०० चा, साताऱ्यात काचेत होता, आता घरी आणलाय. सातव्याचं जगतं आठव्याचं जगत नाही म्हणतात तर जीव घाबरा होतो. शेक, धुरी, घुटी कधी सुरू करू? जावईबापू दर आठवड्याला येतात पण बाळाला हात लावायला भितात, मी पण आग्रह करत नाही.

उत्तर: आजी, ते सातव्या-आठव्याचं एकदम उलटं आहे. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून बाळाचं शरीर एक पदार्थ बनवतं आणि तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. म्हणजे पोटात जितके दिवस जास्त तितकं चांगलं, आठव्याचं बाळ सातव्याच्या बाळापेक्षा तयारच असतं. काढून टाका मनातनं.

शेक-शेगडी नको, धुरी तर अजिबात नको, त्याची फुप्फुसं आत्ता कुठं मोकळी झालीत. घुटी नको, मध नको, सोन्याचा वळसा नको, सहा महिने फक्त दूध आणि डॉक्टरांनी दिलेले लोह-व्हिटॅमिनचे थेंब. अंगावर ओढताना दमत असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्यानं नाहीतर तुमच्या काळचं बोंडलं उकळून त्यानं द्या, बाटली नको. काजळ नको, नाका-कानात तेल नको. खोबरेल हलक्या हातानं चालेल, डॉक्टरांना विचारून. आंघोळीची घाई करू नका, पुसून घ्या. हात-पाय गार लागले, दूध ओढेना, छाती आत ओढली जायला लागली, निळसर दिसला, तळहात-तळपायापर्यंत पिवळा झाला, ह्यातलं काहीही दिसलं की लगेच दवाखाना. आशाताई घरी येतील त्यांना वजन करू द्या, बाळ झाकून ठेवू नका नजर लागेल म्हणून. घरी येऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आधी करून दाखवली आणि मग देशभर गेली.

सगळ्यात महत्त्वाचं, डिस्चार्ज कार्डावर डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीची तारीख आहे का आत्ता बघा. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची ती जन्मापासून महिन्याच्या आत व्हायलाच लागते, फारच लवकर किंवा १२०० ग्रॅमच्या आत झालं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ वरून अगदी चांगलं दिसतं आणि आत पडदा बिघडत असतो, वेळेत कळलं तर लेसरनं नाहीतर इंजेक्शननं बहुतेकांची नजर वाचते, उशीर झाला तर काही करता येत नाही. मळ्यातली कामं, लग्नं, पाऊस, कशासाठीही ती तारीख चुकवायची नाही. कानाची तपासणी पण करून घ्या. लसी जन्मतारखेप्रमाणं, पण बसायला-रांगायला कधी लागेल ते मोजायचं ज्या तारखेला दिवस भरणार होते तिथून, नाहीतर शेजारणीच्या नातवाशी तुलना करून उगाच रडाल.

जावईबापूंना आल्यावर खुर्चीवर बसवून चहा-पोहे देऊ नका, बाळ द्या. शर्टाच्या आत, उभं, तासभर, वरच्या उत्तरात सगळं लिहिलंय. चार दिवस राहिले तरी राहू द्यात, सासुरवाडीत जास्त राहिला म्हणून लोक काय म्हणतील ते म्हणू द्या.

प्रश्न: मॅडम, माझ्या मित्राचं बाळ सांगलीत एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत आहे. भेटायला जायचं तर काय बोलायचं कळत नाही म्हणून मी जातच नाही. मेसेज टाकला तर तो नुसता अंगठा पाठवतो.

उत्तर: जा. बोलायचं कमी. आधी अभिनंदन म्हणा, बाप झालाय तो. वजन किती, वाचेल ना, अमक्याच्या बाळाला पण असंच होतं आणि मग, हे काही नको. ‘काही लागलं तर सांग’ असं पण म्हणू नका, तो सांगत नाही, कुणीच सांगत नाही. सरळ चार्जर, अंगावर घ्यायची चादर आणि गरम डबा घेऊन जा, सोबत भडंगाचा पुडा टाका, रात्री बाकावर भूक लागते. त्याला म्हणा आज रात्री इथं मी बसतो, मेडिकलवाल्यानं बोलावलं तर मी जातो, तू वर जाऊन ये आणि मग झोप. रक्तगट सांगून ठेवा. घरच्यांचे फोन पण तुम्हीच घ्या, दिवसातनं एकदा सगळ्या नातेवाइकांना एकच मेसेज पाठवायचं काम अंगावर घ्या, त्यानंच तो निम्मा मोकळा होईल. अंगठा आला म्हणजे त्यानं मेसेज वाचलाय, राग मानू नका.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना बाळ किती आठवड्यांचं जन्मलं आणि जन्माचं वजन किती हे जरूर लिहा. पण बाळाला धाप लागली असेल, झटके येत असतील, दूध सोडलं असेल तर पत्र लिहीत बसू नका, १०८ लावा.